अर्धी साक्ष

माझा एक व्हिडिओ आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अजून फिरतो. फिकट साडी, हातात माईक, डोळ्यांत पाणी. इमारत पडायच्या आधी प्रभूने शेजारच्या म्हातारीला माझ्या हातून कसं बाहेर काढलं, ते मी त्यात सांगते आहे. पुण्याच्या माझ्या नणंदेने मागच्या महिन्यात तोच व्हिडिओ कुठूनसा मिळवून मलाच पाठवला, खाली जोडलेल्या हातांची पाच चित्रं टाकून. त्यातलं सगळं खोटं नाही. इमारत पडली, म्हातारी वाचली आणि वाचवली प्रभूनेच, हे मी आजही म्हणते. फक्त माझे हात त्यात नव्हते. माझे हात तेव्हा दुसऱ्याच कामात गुंतले होते. पुढे मी त्याच मंडळीसमोर उभी राहून खरं काय ते सांगितलं, पण ते कुणी रेकॉर्ड केलं नाही. म्हणून आता लिहून काढते आहे. वय झालं तरी लाज काही कमी होत नाही, पण लिहिलेलं बरं.

मी नेरूळला राहत होते, एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे सोसायटीत आणि मंडळीत सगळे मला बाई म्हणतात. हे पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फोरमन होते. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन सीवूड्सला. दर रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये आमची मराठी उपासना भरते आणि त्याआधी तासभर मी मुलांचं संडे स्कूल घेते. माझा आवडता धडा तयारीचा. धनी कधी परत येईल ते ठाऊक नाही म्हणून दिवा लावून जागे बसलेले चाकर, आणि तो दिवस उजाडला की छतावरच्या माणसाने सामान आणायला घरात शिरू नये, ही प्रभूची ताकीद. मी मुलांना विचारायची, "तुमचा मोबाइल आत राहिला तर परत जाल का?" मुलं हॉल दणाणून सोडायची, "नाही!" मग मी म्हणायची, शाब्बास.

माझी स्वतःची तयारी तर सगळ्या महिला मंडळाला पाठ होती. माझ्या कपाटावर एक निळी बॅग असायची. तिच्यात माझ्या अंत्यविधीची पांढरी साडी, इस्त्री केलेला रुमाल, कोणती गीतं म्हणायची आणि शास्त्रातला कुठला भाग वाचायचा याचा कागद. प्रार्थनेला कुणी घरी आलं की मी ती बॅग उतरवून दाखवायचीच. बायका म्हणायच्या, "बाई, विश्वास असावा तर असा." मला ते ऐकायला फार आवडायचं. हे एकदा सगळ्यांदेखत म्हणाले होते, "मरणाची एवढी तयारी, आणि शेजारी वाटीभर साखर दिली तर संध्याकाळी वाटी मागायला जाते." सगळे हसले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.

शेजारी वैशाली, तिचा नवरा आणि सासू राहायचे. मूळचे मंडणगडकडचे. नवरा-बायको दोघंही नोकरीला, वैशाली पावण्यातच एका ऑफिसात. आजींचं खुब्याचं हाड मोडलं होतं. कुणी आधार दिला तर पाऊल पाऊल टाकायच्या, पण एकटीने दारापर्यंत यायची सोय नव्हती. म्हणून वैशाली सकाळी बाहेरून कुलूप लावून जायची आणि दुसरी किल्ली माझ्याकडे असायची. दुपारी मी जाऊन आजींना जेवण वाढायची, पाणी द्यायची, दोन गोष्टी करायची. आजींचा पलंग आणि माझं कपाट एकाच भिंतीच्या दोन बाजूंना होते. कधी त्या पलीकडून भिंतीवर बोटांनी वाजवायच्या आणि मी इकडून वाजवायची, एवढा आमचा घरोबा. वैशाली म्हणायची, "बाई आहेत म्हणून मला टेन्शन नाही."

इमारत धोक्याची आहे अशी नोटीस वर्षभर आधीच लागली होती. मीटिंगा झाल्या, भांडणं झाली, भाड्याच्या घरात कोण जाणार यावर सगळं अडलं. भांडणाऱ्यांत मीही होते. त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले असतील. मी मेथी निवडत बसले होते. खालून मोठ्ठा आवाज आला, आधी मला वाटलं कुणाचा कुकर फुटला. दोन मिनिटांत सोसायटीचे सेक्रेटरी धापा टाकत वर आले. "बाई, तळमजल्याचा पिलर फुटलाय. लगेच उतरा, काही घेऊ नका. किल्ली तुमच्याकडंच आहे ना? आजींना घ्या बरोबर. मी बाजूच्या विंगला सांगतो आणि कुणाला तरी वर पाठवतो." मी म्हटलं, "हो हो, घेते, तुम्ही व्हा पुढे." ते पळत खाली गेले. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला होती, मी तिच्यासमोरच उभी होते.

आणि मी वळून कपाटाकडे गेले.

हे मला कसंही करून सजवता येत नाही. मी विसरले नव्हते. घाबरून गोंधळले असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, पण माझं डोकं अगदी शांत होतं. आधी घराची कागदपत्रं काढली. ती कुणीही काढेल. मग दागिन्यांचा डबा. तेही कुणी समजून घेईल. पण खालच्या कप्प्यात आमचा चिनी मातीचा सेट होता, निळ्या काठाच्या बशांचा, नाताळला वर्षातून एकदा बाहेर निघणारा. ह्यांनी पहिल्या बोनसमध्ये आणलेला. मी पिशवी घेतली आणि एकेक बशी साडीत गुंडाळू लागले, फुटू नये म्हणून. पाचव्या बशीला साडी संपली तेव्हा मी दुसरी साडी काढली. तीही निवडून, जुनी बघून, कारण चांगली साडी चुरगळली असती. भिंतीपलीकडून आजींची हाक आली, "बाई, ओ बाई!" मी इकडून म्हटलं, "आले, आले." पुन्हा हाक आली. मी पुन्हा आले आले म्हटलं आणि सातवी बशी घेतली. मनाशी म्हणत होते, दोनच मिनिटं, एवढं झालं की लगेच. असं म्हणत दहा मिनिटं तरी गेली असतील. मरायची तयारी करून बसलेली बाई मी, मला जिना उतरायची तयारी नव्हती. निळी बॅग तर डोळ्यांसमोर असूनही मला दिसली नाही.

तेवढ्यात माझ्या उघड्या दारातून एक बाई आत आली. कासोटा घातलेली, हातांत हिरव्या बांगड्या. मासळी विकायला दुसऱ्या मजल्यावर आली होती, आणि खाली पळायचं सोडून हाक ऐकून वर चढली होती. आमची नेहमीची मासळीवाली ही नव्हे, हिला मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"म्हातारी कवाशी हाका मारतंय, तुला ऐकू नाय येत का गो?"

मी म्हटलं, "निघतेच आहे, किल्ली आहे माझ्याकडे."

तिने माझ्या हातातल्या बशीकडे पाहिलं, मग उघड्या कपाटाकडे. "ता कपाट काय वरती घेऊन जानार हायस? किल्ली दे इकरं."

मी खिळ्याकडे बोट दाखवलं. एवढंच काय ते त्या बचावात मी केलं. तिने किल्ली ओढली, शेजारचं कुलूप उघडलं आणि आजींना सरळ पाठीवर घेतलं. मी मागोमाग निघाले, खांद्यावर पर्स आणि दोन्ही हातांत पिशव्या, बशा खणखणत. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिची पाटी वाटेत होती, वर ओलं फडकं, खाली दिवसभराची मासळी. तिने ती पायाने भिंतीकडे सारली आणि एकदाही वळून न बघता पुढची पायरी उतरली. मी मात्र त्याच पायरीवर थांबून पिशवीचा बंद नीट केला. गेटबाहेर पोचलो तेव्हा तिने आजींना कुणीतरी आणलेल्या खुर्चीत बसवलं, पदराने तोंड पुसलं आणि गर्दीत गेली. मी तिला धन्यवादही म्हटलं नाही. मी पिशवीत हात घालून काही फुटलं का ते चाचपत होते.

पाऊण तासाने आमच्या बाजूचा जिना आणि त्याला लागून असलेली स्वयंपाकघरं खाली बसली. धुळीचा लोट उठला, बायका किंचाळल्या, पण आत कुणी नव्हतं. सगळे खाली होते. तेव्हा कुठे मी पिशव्या खाली ठेवल्या. मी आजींच्या खुर्चीजवळ जमिनीवरच बसले आणि त्यांचा हात घट्ट धरला. वैशाली रिक्षातून उतरून धावत आली ती तेव्हा. तिने सासूला पाहिलं, माझ्या हातात तिचा हात पाहिला, आणि मला मिठी मारून हमसून हमसून रडायला लागली. "बाई, तुम्ही नसता तर..." सेक्रेटरी शेजारून म्हणाले, "मीच बाईंना सांगितलं होतं. बाईंनी बरोब्बर आणलं बघा खाली." तोंड उघडायला तेवढी एकच जागा होती. मी मूग गिळून बसले. आजीही काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, भेदरल्या असतील.

त्या संध्याकाळी मुलीकडे पिशवी उघडली. ती एकेक साडी उलगडत होती आणि बशा टेबलावर ठेवत होती. अकरा निघाल्या, एकीलाही टवका नाही. ती म्हणाली, "आई, एवढं गुंडाळायला वेळ कसा मिळाला तुला?" चोराच्या मनात चांदणं. मी एकदम तिच्यावर ओरडले, तू तिथे नव्हतीस, तुला काय कळणार. ती साड्यांच्या घड्या घालायला लागली.

दोन दिवसांनी पाळकसाहेब मुलीच्या घरी आले, प्रार्थना केली आणि म्हणाले, "बाई, ही साक्ष मंडळीला ऐकू द्या. लोकांचा विश्वास वाढेल." आमच्यात साक्ष म्हणजे गप्पा नव्हेत. देवाने माझ्यासाठी काय केलं हे देवाच्या समोर, सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं असतं. नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण म्हणजे तेच. मी हो म्हटलं. रात्री बसून मुद्देही काढले. रविवारी उपासनेत उभी राहिले तेव्हा पहिल्या दोन वाक्यांत अडखळले, मग समोरून "आमेन" आलं आणि मला जोर चढला. मी किल्लीचं सांगितलं, पिलरचं सांगितलं. "मी आजींना घेऊन उतरले," असं म्हणाले. मासळीवालीला मी "वाटेत एका भगिनीने मदत केली" एवढ्यात गुंडाळलं. शेवटच्या रांगेत वैशाली बसली होती. ती बौद्ध घरातली, कधी चर्चची पायरी न चढलेली, पण माझ्या मानासाठी सुट्टीच्या दिवशी नवऱ्याला घेऊन आली होती, आणि रुमालाने डोळे पुसत होती. माझी मुलगी पहिल्या रांगेत होती. तिने आमेन म्हटलं नाही. घरी जाताना ती माझ्याशी हवापाण्याचं बोलत राहिली.

आता मला वाटतं, बशा वाचवल्या ते पाप त्यामानाने लहान होतं. तेव्हा मी घाबरले नव्हते तरी वेळ तशी होती. साक्षीच्या वेळी मात्र कुठलाही पिलर फुटत नव्हता.

चार दिवसांनी मी आजींना भेटायला गेले. त्यांनी दोन सेक्टर पलीकडे भाड्याने घर घेतलं होतं. चिकू घेऊन गेले होते, आणि खरं सांगते, आभार ऐकायची सवय लागली होती. वैशाली घरीच होती, चहा टाकायला आत गेली. आजींनी माझा हात ओढून मला पलंगावर बसवलं आणि आवाज खाली आणला.

"बाई, मी भितीपलीकडंच होते ना. मला सगळं ऐकू येत हुतं. तुमचं कपाट, त्या बशा. एक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी."

मी चिकूंची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"सुनेला मी काय सांगितलं नाय," त्या म्हणाल्या. "म्हटलं, माणूस भितो, होतं आसं. तुमी मला वर्षभर जेवाय वाढलंत, तुमचं नाव कशाला घालवू? पण वैशू सांगत हुती, तुमी चर्चमधे उभ्या राहून सगळ्यांना सांगितलंत, मीच काढली म्हातारीला." माझा हात त्यांनी अजून धरलेला होता. "आमचं जाऊ दे. पण तुमी देवाम्होरं तसं कसं वो बोललात, बाई?"

त्यांच्या आवाजात राग असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. माझ्या देवावर माझा विश्वास आहे असं ती म्हातारी धरून चालली होती, आणि विश्वास असलेली बाई असं कसं करील हा तिचा प्रश्न होता. इतकी वर्षं शास्त्र शिकवलं, पण मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. त्या माझ्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. मी भिंतीपलीकडून "आले, आले" म्हणत ज्यांना बसवून ठेवलं, त्याच मला थोपटत होत्या.

मग मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि वैशालीला सगळं सांगितलं. बशांचा आकडाही सांगितला. ती गॅसकडे तोंड करून उभी होती. चहा उतू जायला आला तेव्हा तिने गॅस बंद केला. वळली नाही. तशीच म्हणाली, "मी रोज बिनधास्त कामाला जायचे, बाई." एवढंच. चहा तसाच राहिला आणि मी निघाले.

त्या रविवारी मी पाळकसाहेबांना उपासनेआधी गाठलं. सगळं ऐकल्यावर ते खाली मान घालून बसले. म्हणाले, "मला सांगितलंत, प्रभूला सांगितलंत, पुरे नाही का?" मी म्हटलं, खोटं सगळ्यांसमोर बोलले, खरं कोपऱ्यात कसं सांगू? उभी राहिले तेव्हा बायका आधीच रुमाल काढून बसल्या होत्या, आणखी काही चमत्कार ऐकायला मिळेल म्हणून. मी किल्ली, हाक, बशा, मासळीवाली, सगळं क्रमाने सांगितलं. आमेन कुणी म्हटलं नाही. बायकांनी काढलेले रुमाल परत पर्समध्ये ठेवले. दोन जणींनी त्यानंतर आपली मुलं संडे स्कूलला पाठवणं बंद केलं, आणि मला त्यांना दोष देता येत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान ही म्हण मुलांना फळ्यावर लिहून शिकवणारी मीच. माझी मुलगी मात्र त्या दिवशी घरी जाताना माझा दंड धरून चालली.

मासळीवालीला मी शोधलं. तीन सकाळी मासळी बाजारात गेले. बायकांनी विचारलं, "दिसायला कशी हाय सांग ना." मला सांगता येईना. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नव्हतं. हिरव्या बांगड्या सांगितल्या तर त्या सगळ्या हसल्या आणि आपापले हात पुढे केले, प्रत्येकीच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. मंडळीतल्या एक बाई म्हणतात, तो देवदूत होता. असेल. मला वाटतं ती खाडीकडच्या कुठल्यातरी गावातली बाई होती आणि त्या दिवसाची तिची कमाई आमच्या जिन्याखाली गाडली गेली. प्रभूने तिलाच पाठवलं याबद्दल मला शंका नाही. जिला पाठवायचं होतं ती भिंतीला लागूनच होती, ती उठली नाही, म्हणून त्याला लांबून पाठवावं लागलं.

उरलेली इमारत पुढे मशीन लावून पाडली. कपाट, पलंग, ह्यांची खुर्ची, निळी बॅग, सगळं गेलं. लोक म्हणतात, बाई, सगळं सोडावं लागलं तुम्हाला. मी सोडलं नाही, सुटलं. त्याचं श्रेय घेऊ नये एवढी अक्कल आता आली आहे. जे माझ्या मुठीत खरंच घट्ट होतं ते चांगल्या बाईचं नाव होतं, आणि तेवढं मात्र मला स्वतःच्या हाताने उघडून द्यावं लागलं. देताना वाटलं होतं मागे काहीच उरणार नाही. पण आता प्रार्थनेला बसले की मी प्रभूला काही दाखवायला काढत नाही, नुसती बसते. तो पूर्वीपेक्षा जवळ वाटतो. हे कसं होतं मला समजावून सांगता येणार नाही.

आठवड्यातून एकदा मी आजींकडे जाते. वैशालीने दिवसभरासाठी एक बाई ठेवली आहे. ती दार उघडते, मला पाणी देते आणि मग आमच्याजवळच खुर्ची घेऊन बसते. मी असेपर्यंत ती खोलीतून हलत नाही. तिला तसं सांगितलेलं असावं. मला ते बरोबर वाटतं, आणि तरी मला त्या घरात येऊ देतात म्हणून मी रोज प्रभूचे आभार मानते.